ताडपत्री

आमची लेक नायो सहा महिन्यांची झाली त्या दिवशी रोनाने, म्हणजे माझ्या बायकोने, घरात नवा कायदा आणला. नायोच्या तोंडात कुणीही घास घालायचा नाही. समोर ठेवायचं, ती हवं ते उचलेल आणि स्वतः खाईल.

रविवारी नायोच्या हातात मटणाच्या चॉपचं हाडूक होतं, रताळं केसांत होतं आणि ब्रोकोली जमिनीवर. रोनाने तिच्या खुर्चीखाली लोकर कातरायच्या शेडमधली जुनी ताडपत्री अंथरली होती.

"अगं, निम्मं सांडतेय ती," मी म्हणालो.

"सांडू दे. आपल्या हाताने जेवण्यात मान असतो माणसाचा. आणि पोट भरलं की तिचं तिला कळतं."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला माझे सासरे मर्व्ह बसले होते. चाळीस वर्षं मेंढ्या कातरलेले त्यांचे हात गेल्या हिवाळ्यापासून थरथरतात. त्यांच्या काट्यावरून पाचवा वाटाणा घरंगळला, तशी रोना उठली. तिने त्यांच्या गळ्यात नॅपकिन बांधला, हातातला काटा काढून घेतला आणि चमचा भरला.

"आ करा बघू, बाबा. शहाण्यासारखे दोनच घास."

मर्व्हनी तोंड उघडलं नाही. नायो हाडूक चोखत होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलं.



मग म्हणाले, "रोना, ताडपत्री चांगली मोठी आहे. माझीही खुर्ची तिच्यावर घे ना."