वस्तूपुरतंच लिहा

चारकोपच्या 'घ्या-द्या' या व्हॉट्सॲप ग्रुपवर जयवंतराव दर रविवारी घरातली एखादी वस्तू फुकट द्यायला काढायचे. फोटोखाली मात्र भलतंच काहीबाही लिहायचे. "स्टीलचा डबा. झाकण घट्ट बसतं. हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं." पुढच्या रविवारी, "टेबलफॅन. तीन नंबरवर आवाज करतो. ही आता काठी घेऊन जिना उतरते."

ग्रुप चालवणाऱ्या गंधालीने शेवटी फोन केला. "काका, राग नका मानू, पण वस्तूपुरतंच लिहा ना. घरचं कशाला? लोक कंटाळतात."

"बरं," ते म्हणाले, आणि पुन्हा तसंच लिहीत राहिले.

आज त्यांनी शिलाई मशीनचा फोटो टाकला. "चालू आहे. चालवणारी मंगळवारी गेली. तेरावं पुढच्या रविवारी, घरीच."

पाच मिनिटांत पन्नासेक जणांनी हात जोडले. दोघींनी मशीन न्यायला कधी येऊ, तेही विचारलं. जयवंतरावांनी कुणालाच उत्तर दिलं नाही. मेसेज कुणी कुणी वाचला त्याची यादी उघडून ते बोटाने खाली सरकवत गेले. मुकुलचं नाव आलं. वाचल्याची वेळ, दहा वाजून वीस मिनिटं. तेवढं बघून त्यांनी फोन ठेवला आणि चहा टाकायला उठले.



दोन वर्षांपूर्वी आईबापाचे नंबर ब्लॉक करून घर सोडलेल्या त्यांच्या मुलाने हा ग्रुप तेवढा सोडला नव्हता.