पेरूखालचा पाटा

सहा दिवसांचं लेकरू हुडकेश्वरच्या घरामागे पेरूखाली पुरलं, त्या रात्रीपासून मैना खिडकीपासून हलली नाही. मातीवर तिनं स्वयंपाकघरातला पाटा ठेवला होता. तरी अंधारात खरवडल्याचा आवाज यायचाच. मसण्याउद पुरलेलं उकरून खातो, हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं. नवरा कंदील घेऊन गेला की आवाज थांबायचा, परतला की पुन्हा सुरू. शेवटी फौजेतल्या दिरानं साहेबांना विनवून अंधारात पाहायची दुर्बीण एका रात्रीपुरती आणली. तिनं डोळा लावला. हिरव्या उजेडात पाटा जागच्या जागी दिसला. पलीकडे पाचोळ्यात उदाची मादी पडलेले पेरू हुडकत होती, पोटाशी पिल्लू. “पाह्यलं ना वहिनी? पेरू खाऊन राहिली ते. झोपा आता.” मादी पिल्लाला घेऊन गेली, तरी मैनेनं दुर्बीण सोडली नाही. पाट्यावर रोखून तिनं विचारलं, “भाऊजी, याच्यातून मातीखालचं दिसते काय?”