चौथा वाटेकरी

"चूक. पुन्हा सांग," हनीफ सर म्हणाले.

दिपमालाने कपाळावर हात मारला. एसटीने जळगावहून धुळ्याला यायचं आणि सरांपुढे बसून बोलणी खायची, असा हा तिचा चौथा रविवार. पीएच.डी.च्या वेळीही सरांनी तिला इतकं पिळलं नव्हतं.

राज्याच्या अक्षयनिधीचं व्याज आजवर तीन जुनी विद्यापीठंच वाटून घेत. आता त्यात जळगावच्या विद्यापीठालाही वाटा हवा होता, आणि बाजू मांडायची होती दिपमालाला. मंगळवारी मुंबईत समितीपुढे जुन्यांचे आक्षेप खोडता आले, तर यावलकडच्या मुलींसाठी वसतिगृह उभं राहणार होतं. नाहीतर त्या बारावीनंतर केळीच्या बागांत मजुरीला जाणार, हे ठरलेलंच. जुन्यांकडून कोण बोलणार, हे जळगावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"भाकरी तेवढीच, मग ताट वाढवायचं कशाला?" सरांनी दरडावून विचारलं.

"निधी साऱ्या राज्याचा आहे, सर. खानदेश काय राज्याबाहेर आहे?"

"याला टाळ्या मिळतील, वाटा नाही. आकडे दे."

तिने गावागणिक शिक्षण सुटलेल्या मुलींचे आकडे धडाधड सांगितले. सर मनातून खुलले, पण चेहऱ्यावर दाखवतील तर शपथ.

सलीमाकाकू तळलेल्या बिबड्या घेऊन आल्या. "किती छळता पोरीला! एकदाचं सांगून टाका ना तिला."

"काय सांगायचंय, काकू?"

"हेच, की तू हुशार आहेस," सर घाईने म्हणाले.

"पण सर, ते हेच विचारतील कशावरून?"

"चाळीस वर्षं त्यांचं मीठ खाल्लंय मी."

निघताना ती घुटमळली. "मंगळवारी चला ना सोबत. तुम्ही शेजारी असलात की धीर येतो."

"जमणार नाही," सर तोडून बोलले. "सगळं लक्षात आहे ना?"

"बठ्ठं ध्यानमा शे, सर," ती म्हणाली. बसमध्ये मात्र तिला फार वाईट वाटलं. वडिलांच्या जागी मानलेला माणूस ऐनवेळी पाठ फिरवतो, म्हणजे काय!

मंगळवारी तिने निवेदन संपवलं. अध्यक्षांनी जुन्या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना आत बोलावलं.

काखेत फाइल धरून हनीफ सर आत आले, समोरच्या खुर्चीपाशी उभे राहिले आणि ओळखही न दाखवता तिला म्हणाले, "मॅडम, आमचे आक्षेप सुरू करू?"