गाईडबाईंची यादी

चार दिवस गाईडबाईंनी कोडी घालून पाहिली, टोप्या वाटल्या, आइस्क्रीमही चारलं. पण ती चौदा वर्षांची पोरगी बसमधून उतरायचं नाव घेईना. "तिला जरा रमवा ना, तुमचं कामच आहे ते," म्हणत आईबाप फोटो काढायला पसार. बाईंचं टाळकं सटकलं. त्यांनी प्रवाशांची यादी पोरीच्या हातात कोंबली. "आता माणसं तूच मोज. सगळी आल्याशिवाय बस सोडायची नाही." पोरगी पहिल्यांदाच ताठ बसली. लोक संग्रहालयातून परतताच तिने एकेकाला दटावून जागेवर बसवलं, बापालाही. तेवढ्यात बाई कुणाची तरी राहिलेली टोपी आणायला आत धावल्या. परत आल्या तर बस गायब. ड्रायव्हरला फोन लावला, उचलला पोरीने. "अगं, मी इथेच राहिले." पलीकडे कागद सळसळला. "सगळे आलेत, ताई. तुमचं नाव यादीतच नाहीये." यादी बाईंनीच केली होती.