टेलरचं मशीन आणि चव्वेचाळीस टेपा

"हरलीस तर कोट उलटा घालायचा. अस्तर बाहेर, शिवण बाहेर. आणि वाचनालयात सगळ्यांसमोर उभं राहायचं," टेलरमास्तर म्हणाले.

"आणि तुम्ही हरलात तर?"

"तर मी घालीन. पण मी कसला हरतोय!"

जिन्यात जमलेल्या शेजाऱ्यांनी टाळ्या पिटल्या. बेकरीवाला कुणी न विचारताच साक्षीदार झाला.

पैज साधी होती. वरच्या मजल्यावरचे व्हायोलिनवाले गेल्या वर्षी वारले. मागे एक मुलगी आणि घरीच रेकॉर्ड केलेल्या चव्वेचाळीस टेपा. मुलगी त्या कॉम्प्युटरवर उतरवून वाचनालयाला देणार होती. पण एकाही टेपवर बाबा एकटे नव्हते. व्हायोलिनच्या मागे खालच्या दुकानातलं शिलाई मशीन खडखडत होतं. ते एकूण एक टेपवरून पुसून दाखवते, असं ती म्हणाली होती. मास्तर म्हणाले, माझं मशीन आहे ते, पुसलं जाणार नाही.

बाबांनी जन्मभर हॉटेलांत वाजवलं. लोक जेवत असायचे. एकानेही कधी ताटातून मान वर केली नाही. आता वाचनालय त्यांच्यासाठी एक अख्खं कपाट आणि हेडफोन लावून बसायला एक कोपरा देणार होतं. पहिल्यांदाच कुणी फक्त त्यांना ऐकायला बसणार होतं.

"फक्त ती खडखड नको हं," ग्रंथपालबाईंनी बजावलं होतं. "लोक दोन मिनिटांत हेडफोन काढून ठेवतात."

"निर्धास्त राहा," मुलगी म्हणाली. आवाज साफ करणं हाच तिचा धंदा होता. रस्त्यावर घेतलेल्या मुलाखतीतून तिने ट्रक, कुत्री, शिंका काढल्या होत्या. मशीन म्हणजे किस झाड की पत्ती.

शिवाय जुना हिशेब होताच. दुपारी एक ते तीन मास्तरांचं दुकान बंद असे. बाबा मुद्दाम तेव्हाच रेकॉर्डिंगला बसत. घरात कुणी थांबायचं नाही, म्हणून ती जिन्यात बसून ऐकायची. आणि नेमकं तेव्हाच बंद शटरमागे मशीन सुरू व्हायचं. आधी बाबांची टाच जमिनीवर वाजायची, तीनदा. मास्तरांवर ढिम्म परिणाम नाही.

"बाबा, त्यांना सांगा ना जाऊन!" ती चिडायची.

"सांगितलंय की त्यांना," बाबा हसून म्हणायचे.

अशा भोळ्या माणसाला कुणीही छळावं.

काम तीन महिने चाललं. सुरुवातीची खरखर, ठोके, खिडकीची करकर तिने न ऐकताच कापून टाकली. तिला फक्त व्हायोलिन हवं होतं. मास्तर मध्येच काहीतरी निमित्त काढून वर यायचे. कधी बटण घेऊन, कधी नुसतेच.

"काय गं, त्या मोठ्या संथ धुनेत मशीन जरा घाईत आहे का?"

"काका, घाईत असो नाहीतर सुट्टीवर. पुसलं जाणार."

"तसं नाही. आपलं विचारलं."

"कोटाचं अस्तर धुऊन ठेवा तुम्ही."

"तू तुझ्या कोटाचं बघ. मीच शिवलाय तो, आतून कसा आहे मला ठाऊक आहे!"

शेवटी एका सकाळी तिने त्यांना बोलावलं आणि हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले. मास्तर ऐकत राहिले. एक धून, दुसरी, तिसरी. मग त्यांनी हेडफोन अलगद टेबलावर ठेवले.

"गेलं की गं खरंच."

"मग!"

"सगळं?"

"चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस."

"बरं," मास्तर म्हणाले. "कोटाला इस्त्री मारतो."

ते गेल्यावर तिने तीच संथ धून पुन्हा लावली. आवाज आरशासारखा लख्ख होता. पण बाबा मध्येच रेंगाळत होते, मग लगबगीने पुढे जात होते. बरोबर चालणारा माणूस न सांगता दुसऱ्या गल्लीत वळावा, तसे. बाबा असे कधीच वाजवत नसत.

तिने खोक्यातून मूळ टेप काढली आणि अगदी पहिल्या सेकंदापासून लावली. मग पुढची. मग त्याच्या पुढची.

संध्याकाळी तिने ग्रंथपालबाईंना फोन केला. "कपाटावरची पाटी रंगवायला दिली नाहीत ना? थांबा जरा."

कार्यक्रमाला वाचनालय खचाखच भरलं. मास्तर ऐटीत आले, अस्तर बाहेर, खिशांच्या पिशव्या दोन्ही बाजूंना लोंबत.

"टेलरचाच कोट, आणि आतून ठिगळं!" बेकरीवाला ओरडला.

"अरे, हरलेला माणूस बघून घे. फुकट आहे," मास्तरांनी एक गिरकी मारली. लोक हसून लोळायचे बाकी राहिले.

तेवढ्यात मुलगी पुढे आली. तिचाही कोट उलटा होता.

"अगं, तू कशाला? तू तर जिंकलीस!"

"हरले मी, काका. बसा तुम्ही."

"साक्षीदार मी आहे," बेकरीवाला कुरकुरला. "असं चालत नाही."

"बाईंना कपाटासाठी मूळ टेपा दिल्यात. साफ केलेल्या पुसून टाकल्या," ती म्हणाली. ग्रंथपालबाई काही बोलणार, त्याआधीच तिने बटण दाबलं.

खरखर. खिडकी उघडल्याची करकर. मग बाबांचा आवाज, खाली वाकून कुणाशी तरी बोलल्यासारखा:

"मास्तर, सुई काढलीस का? हां. आज संथ घ्यायचंय. तीन ठोके देतो, तिसऱ्याला तू उचल."