इंदूचं शेवटचं बोलणं

“मृत्यू हरला, तांडेल!” अशी गर्जना करून वामनराव गद्रे होडीच्या काठावरून ओकले.

“हरला तर हरला. तुम्ही आधी खाली बसा,” हसन तांडेल म्हणाला.

आकाशातला नवा थर जुने रेडिओसंदेश नऊ वर्षांनी परत पाठवू लागला, तेव्हापासून वामनराव हॅम रेडिओचा सेट घेऊन किनाऱ्यावरच्या रेडिओ-गोंगाटापलीकडे समुद्रात येत आणि गेलेल्या बायकोला ऐकत. आज इंदूचा शेवटचा संदेश यायचा होता. नऊ वर्षांपूर्वी तो पाठवला, त्याच संध्याकाळी ती गेली होती.

सेट खरखरला. “अहो, ऐकताय ना? ओव्हर.”

तिला पोचणार नाही हे माहीत असूनही वामनरावांनी माइकचं बटण दाबलं. “ऐकतोय गं. बोल. ओव्हर.”

हसननं वल्हं थांबवलं.

“येताना लिंबं आणा. उद्या होडीत परत मळमळेल तुम्हाला. ओव्हर.”