मामाने दिलेलं पिल्लू

लेकीला सुट्टी लागली आणि तिच्या मामाने तिला बदकाचं पिल्लू भेट दिलं, नुकतंच अंड्यातून बाहेर आलेलं. आमच्या मेहुण्याला हौस दांडगी, निस्तरायचं आम्ही. खोक्याचं झाकण नेमकं मी उघडलं. पिल्लाने डोळे भरून मला पाहिलं आणि तेव्हापासून जे माझ्या मागे लागलं ते लागलंच.

मी आंघोळीला गेलो की ते दाराबाहेर ओरडून बिल्डिंग डोक्यावर घ्यायचं. घरी ठेवून निघालो, तर दाण्याला तोंड लावेना. शेवटी पिशवीत घालून ऑफिसला नेलं. फाईल घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये शिरलो, तर हे मागोमाग तुरुतुरु हजर.

"हा काय पोरखेळ लावलाय?" साहेब कडाडले.

"साहेब, ते मला आई समजतं."

साहेबांनी चष्मा पुसला. मी डावीकडे सरकलो, पिल्लू डावीकडे. उजवीकडे सरकलो, पिल्लू उजवीकडे. मग साहेबांनी कपाटातून नियमांचं जाडजूड पुस्तक काढलं, दोन पानं मन लावून वाचली, "बसतंय नियमात," म्हणाले आणि माझी पंधरा दिवसांची बालसंगोपन रजा जागच्या जागी मंजूर केली.

 

गेल्या महिन्यात लेकीला गोवर आला होता, तेव्हा मी केलेला हाच अर्ज त्यांनी "ही रजा फक्त आईला मिळते" असा शेरा मारून परत पाठवला होता.